आठ मिनिटांचा आजार

मला पोटदुखी उत्तम जमते. छातीतली कळही बरी जमते, पण एका दिवसात ती फार वेळा केली की खरीच दुखू लागते, म्हणून मी ती जपून वापरतो. आणि अर्धशिशीत तर माझा हात धरणारा अख्ख्या भिलाईत कोणी नाही.

दुर्गच्या बाजूला असलेल्या एका मेडिकल कॉलेजात मी पेशंट म्हणून काम करतो. खरा नव्हे, परीक्षेचा. विद्यार्थी एकेक करून खोलीत येतात, आठ मिनिटं माझ्याशी बोलतात, घंटा वाजते, ते जातात, पुढचा येतो. मी दर वेळी तोच आजार, तीच कळ, तोच सुस्कारा पहिल्यांदाच आल्यासारखा काढतो. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत वर्षाकाठी माझा एक प्रयोग होतो. इथे एका दिवसात पंधरा होतात, आणि प्रेक्षकाला मध्येच उठून जाता येत नाही. कलावंताला आणखी काय पाहिजे?

एरवी मी क्रेन चालवतो. कारखान्यात छताखाली रुळांवर जी क्रेन धावते, तिच्या केबिनमध्ये बसून. घर मरोद्याला. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे शेतकरी. आजोबा इथे मजुरीला आले आणि आम्ही इथलेच झालो.

या कामात मी आलो तो मरणामुळे. गणपतीतल्या नाटकात शेवटच्या अंकात मी खोकत खोकत मेलो होतो. चांगली पाच मिनिटं घेतली होती मरायला. पडदा पडल्यावर पद्मनाभपुरात राहणाऱ्या एक डॉक्टरीणबाई रंगपटात आल्या.

"नाटकात सगळे तुम्हाला क्षय झाला म्हणत होते. तुम्ही खोकत होतात दम्याचं," त्या म्हणाल्या. "पण मेलात छान."

या मॅडम त्या कॉलेजात शिकवतात. त्यांचं म्हणणं असं, की पोरांना आजार पुस्तकातून शिकवता येतो, आजारी माणूस शिकवता येत नाही. त्यासाठी त्यांना न कंटाळता आजारी पडणारा कोणीतरी हवा होता. मी तिथल्या तिथे कळवळून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, पुरे, पुरे.

पुढे त्यांना पेशंटसोबत त्याची बायकोही हवी झाली. मी मंडळातल्या दोन उत्तम नट्या सुचवल्या. मॅडमनी माझ्या बायकोकडे बोट दाखवलं. बायको प्राथमिक शाळेत शिकवते. स्टेजवर ती कधी चढलेली नाही. माझ्या नाटकात तिचं काम एवढंच, की विंगेत पुस्तक धरून बसायचं आणि मी कुठे कुठे चुकलो ते घरी गेल्यावर सांगायचं.

"मले ॲक्टिंग येत नाही, मॅडम," ती म्हणाली.

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. मी हे वाक्य मनाला लावून घेतलं नाही.

तर आमचं काम दुहेरी. आठ मिनिटं आजार, मग दोन मिनिटं मार्क. प्रत्येक विद्यार्थी बाहेर गेला की आम्ही दोघांनी वेगवेगळा कागद भरायचा, एकमेकांचा न पाहता. कागदावर आठ ओळी, प्रत्येकीपुढे एक ते पाच. डोळ्यांत पाहून बोलला का? मध्ये न तोडता ऐकलं का? तुमची भावना ओळखून बोलून दाखवली का? आवाजात आपुलकी होती का? असं करत शेवटची ओळ: या डॉक्टरकडे तुम्ही पुन्हा जाल का? मॅडम याला सहवेदना मोजणं म्हणतात. बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "म्हणजे पोरानं माणसाकडं माणसासारखं पाह्यलं का, हेच न?" मॅडम म्हणाल्या, "हो, पण आकड्यात."

मार्क देण्यात आमचे स्वभाव उतरतात. मी उदार. बायकोनं नोकरीत आजवर कोणाला पैकीच्या पैकी दिलेले नाहीत; शुद्धलेखनात एकही चूक नसली तर ती समासाचा अर्धा मार्क कापते.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी केस मधुमेहाची होती. पेशंट पन्नाशीचा, कारखान्यात कामाला, शुगर वाढलेली, गोळ्या नीट घेत नाही. का घेत नाही, हे गुपित. मॅडमच्या कागदावर लिहिलं होतं: एका वैदूकडून जडीबुटी सुरू केली आहे, विश्वास वाटला तरच डॉक्टरला सांगावं. काम क्रेनचं ठेवलं, ते मी स्वतःहून. हाताशी असताना दुसरं काम कशाला शोधायचं? शुगरही माझ्याकडे घरचीच होती, थोडी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्या दिवशीच्या विद्यार्थ्यांत एक मुलगी या परीक्षेत अगोदर एकदा नापास झालेली होती. पुन्हा झाली असती तर तिला तिच्या तुकडीसोबत शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसता आलं नसतं. बाकीचे डॉक्टर होणार, ती मागं राहणार. आम्हाला हे सांगत नाहीत; आमच्यासमोर विद्यार्थी म्हणजे नुसता नंबर. पण तुम्हाला माहीत असावं, म्हणजे मी काय करून बसलो ते नीट दिसेल.

आठव्या नंबरला एक उंच, देखणा मुलगा आला. काय प्रवेश घेतला त्यानं! दारात क्षणभर थांबला, हात जोडले, नाव सांगितलं, खुर्ची पुढे ओढून माझ्या डोळ्यांत डोळे घातले. बोलणं सगळं हिंदीत चालतं, मी इथे मराठीत देतो. "तुम्हाला किती त्रास होत असेल, मी समजू शकतो," तो म्हणाला, आणि बरोबर त्याच वेळी त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. आवाज असा, की मंडळात असता तर मी त्याला राजाची भूमिका दिली असती. गोळ्या का घेत नाही ते त्यानं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा "विसरतो" म्हटलं. तो मान हलवत म्हणाला, "साहजिक आहे." घंटा झाली. मी पाच, पाच, पाच असे मार्क टाकत गेलो. टाळ्या वाजवायची सोय नव्हती.

मग नवव्या नंबरला ती आली.

आत येताना तिचा पेन पडला. उचलून ती बसली, तीही समोर नाही, टेबलाच्या कडेला. नमस्कार तोंडातल्या तोंडात. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. नजर माझ्या हातांवर.

"काम काय करता?"

"क्रेनवर आहे."

तिचा पेन थांबला. "वरच्या केबिनमध्ये?"

"हो."

"पाणी वर नेता का?"

"नेतो."

"पिता?"

आता इथे मला जडीबुटीच्या दिशेनं जायचं होतं. चेहऱ्यावर आणायचं ते अवघडलेपण मी आणलंसुद्धा होतं. पण ती ते बघतच नव्हती. खाली बघून वाट पाहत होती. आणि माझ्या तोंडून आलं, "नाही पीत."

"का?"

"प्यालं की जावं लागतं."

यापुढचं मी ठरवून बोललो नाही. मी तिला सांगितलं, की खाली उतरायचं तर बदली माणूस वर बोलवावा लागतो. तो मिळतो, कोणी नाही म्हणत नाही. पण वॉकीटॉकीवर मागावा लागतो आणि ते अख्ख्या शॉपला, म्हणजे खालच्या सगळ्या कामगारांना, ऐकू जातं. दिवसात तिसऱ्यांदा मागितला की खालून कोणीतरी म्हणतं, "उतर गए नटसम्राट!" जो माणूस गणपतीत राजा होतो त्याला हे कसं चालेल? म्हणून मी पाणी पीत नाही. तरी वेळ येतेच, म्हणून केबिनमध्ये एक बाटली ठेवली आहे. ती पाण्याची नाही.

शेजारी बायकोच्या बांगड्या वाजल्या.

"आणि गोळी?" मुलीनं विचारलं. वर न पाहता.

"गोळीनं जास्त लागते. सगळे क्रेनवाले म्हणतात. पहिल्या पाळीला खाली सगळे असतात, म्हणून त्या आठवड्यात घेत नाही."

तिनं कागदावर तीन चौकटी काढल्या, तीन पाळ्यांच्या, आणि प्रत्येकीत जेवणाची वेळ विचारून लिहिली. मग म्हणाली, "कका, तुम्ही उलटं करताय." छत्तीसगढी घरात काकाला कका म्हणतात, परीक्षेत खरं तर 'सर' म्हणायचं असतं. "साखर वाढते, म्हणून लघवी जास्त लागते. गोळी सोडली की आणखी वाढते. नियमित घेतलीत तर बाटली कमी लागेल. पाणी तोडू नका. कोणत्या गोळ्या आहेत ते दाखवा. त्यात एखादी लघवी वाढवणारी असली तर मोठ्या डॉक्टरांना विचारून बदलता येईल."

घंटा झाली. ती उठली, खुर्ची जागेवर ठेवली आणि गेली. 'मी समजू शकते' नाही, खांद्यावर हात नाही, काही नाही.

मी भयंकर चिडलो होतो. माझा प्रवेश पडला होता! वाक्य विसरलो होतो मी, तेही भरल्या रंगमंचावर, आणि त्याला कारण ही मुलगी, जी समोरच्या नटाकडे पाहतसुद्धा नव्हती. डोळ्यांत पाहून बोलली का? एक. भावना बोलून दाखवली का? एक. आवाजात आपुलकी? दोन, तेही दया म्हणून. शेवटच्या ओळीपुढे मी ठणठणीत एक लिहिला आणि पुढच्या पेशंटगिरीला सज्ज झालो.

दुपारी सगळं संपल्यावर चहाच्या खोलीत मॅडम आमचे कागद घेऊन बसल्या. दोघांचे मार्क साधारण जवळ असतात. फार अंतर पडलं तर दोघांनी समोरासमोर बसून कारण सांगायचं, असा त्यांचा नियम.

"नऊ नंबर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दोघं एकाच खोलीत होतात ना?"

बायकोनं माझा कागद पाहिला. "तुमी तिले एक कावून दिला?"

"अवं, तिनं माझ्याकडं पाह्यलं तरी का? पोरगी भिंतीशी बोलून राहिली होती."

"अन् तुमी भिंतीवानी चूप बसले होते काय? त्या देखण्या पोराले 'विसरतो' म्हणून टाळलं. अन् हिले सारं सांगून बसले. लग्नाले इतके वर्षं झाले, मले नाही सांगितलं ते."

"ते काय, ॲक्टिंग होती."

"बाटली ॲक्टिंग होती?"

मॅडमनी फाइल उघडली. "कसली बाटली? कारण जडीबुटीचं लिहिलंय मी."

मी चहा प्यायलो. चहा संपला होता, तरी प्यायलो.

तेव्हा मॅडमनी कप खाली ठेवला आणि त्या मुलीचं सगळं सांगितलं: हा दुसरा प्रयत्न आहे, माझा कागद धरला तर ती राहते, बायकोचा धरला तर सुटते. "म्हणून विचारते. तुम्ही कागदावरचं सोडून काही बोललात का? नाटक म्हणून वाढवलंत, की खरं होतं?"

आता माझी गंमत बघा. कागदावरचंच नाटक केलं म्हटलं तर माझे मार्क उभे राहतात आणि मुलगी पडते. खरं होतं म्हटलं तर मीच केस मोडली, आणि बाटली घरापासून कॉलेजापर्यंत सगळीकडे. मी अशा प्रसंगांचे संवाद पाठ केलेले आहेत, त्यातला एकही आठवेना.

आणि मला एकदम आमचा खालचा माणूस आठवला. मी वरून साखळी सोडतो, तेव्हा खाली एकजण हातानं इशारे करतो: वर घे, थांब, डावीकडे, हळू. इतकी वर्षं झाली, कामाच्या वेळी त्यानं माझं तोंड पाहिलेलं नाही आणि मी त्याचं. त्याची नजर हुकवर, माझी त्याच्या हातांवर. टनावारी लोखंड आम्ही असं माणसांच्या डोक्यावरून नेतो आणि कोणाला ओरखडा येत नाही. तो जर मध्येच प्रेमानं माझ्या डोळ्यांत पाहायला लागला असता, तर मी काय केलं असतं? वॉकीटॉकीवर त्याला शिव्या घातल्या असत्या.

"मॅडम," मी म्हणालो, "खरं होतं. आणि ती माझ्याकडं पाहत नव्हती म्हणूनच मले बोलता आलं. तोंडाकडं पाह्यलं असतं तर मी तोंड केलं असतं. मले तेच येते न."

 बायकोनं माझा रिकामा कप काढून घेतला.

"मग त्या मुलाचे पाच?" मॅडमनी विचारलं.

"ते मी नट म्हणून दिले. चांगला नट आहे पोरगा. अजूनही म्हणतो."

मॅडम हसल्या, पण नियमापुढे हसणं चालत नाही. पेशंट केस सोडून बोलला तर ती परीक्षा रद्द, पुन्हा घ्यायची. मी उभा राहून मोठ्या आवाजात सांगितलं, की चूक माझी आहे, शिक्षा मला द्या. मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काय शिक्षा देऊ? तुम्ही गप्प बसा. तीच शिक्षा."

मुलीला फाटकातून परत बोलावलं. रसमड्याची बस धरायला निघाली होती ती. केस तीच, पण या वेळी पेशंट आलेलाच नाही, त्याची बायको एकटी आली आहे. गुपित तेच जडीबुटीचं. फरक इतकाच, की पूड बायकोच नवऱ्याच्या चहात घालते. मी मॅडमशेजारी बाहेर, खोलीतलं दाखवणाऱ्या छोट्या टीव्हीसमोर, नवा कागद घेऊन.

बायकोचं काम इतकं वाईट झालं, की मला खुर्चीत बसवेना. "नवरा गोळ्या घेत नाही," हे तिनं हजेरी घ्यावी तसं सांगितलं. ना सुस्कारा, ना पदर डोळ्याला. भावना ओळखून दाखवायची तर आधी कोणीतरी ती दाखवली पाहिजे! मी पुटपुटत होतो, "अवं, रड जराशी." मॅडमनी मला दोनदा डोळे वटारले.

मुलगी आताही खालीच पाहत होती. "त्यांच्या गोळ्या घरी कोण काढून देतं?"

"मीच."

"जेवणही तुम्हीच बघता? पहिल्या पाळीलाही उठता? रोज?"

"उठाच लागते."

"मग तुम्ही झोपता कधी?"

कागदावर याचं उत्तर नव्हतं. बायको गप्प राहिली. मुलीनंही घाई केली नाही. घड्याळ चालू होतं, तिचं वर्ष त्या घड्याळाला टांगलेलं होतं, आणि ती शांत बसून होती. मी असा विराम उभ्या जन्मात घेतलेला नाही.

"सारं मीच पाहतो," बायको शेवटी म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता. आमच्याकडे बायाही असंच 'पाहतो' म्हणतात, आणि हिंदी सोडून ती मराठीत आली होती हे तिच्या ध्यानातही नव्हतं. मग पुन्हा हिंदीत, "त्यांना काही होऊ नये म्हणून चहात एक पूड घालते. त्यांना माहीत नाही."

मुलगी रागावली नाही, अरेरे म्हणाली नाही. "पूड घेऊन या," ती म्हणाली. "आपण दोघी बघू त्यात काय आहे. तोवर घालू नका. आणि उद्यापासून गोळी त्यांनाच काढू द्या. एवढं एक काम तुमच्याकडून कमी करा."

घंटा झाली. मी कागद भरला. डोळ्यांत पाहून बोलली का? एक. नव्हतीच पाहत, खोटं कशाला लिहू? आवाजात आपुलकी? तीन. भावना बोलून दाखवली का? इथे मी बराच वेळ थांबलो आणि चार लिहिले, कारण 'झोपता कधी' हे मला बोलून दाखवणंच वाटलं. ऐकलं का, समजेल असं सांगितलं का, अडचण बाहेर काढली का, पुढचा मार्ग दिला का: पाच, पाच, पाच, पाच. पुन्हा जाल का? पाच.

बायको बाहेर आली, तिचा कागद मॅडमनी माझ्या कागदाशेजारी ठेवला. अंतर एका मार्काचं. शेवटच्या ओळीत तिनं साडेचार दिले होते.

"साडेचार लिहायची सोय नाही यात," मॅडम म्हणाल्या.

"पाच म्या कोणालेच देत नाही."

"मग चार करू?"

बायकोनं बंद दाराकडे पाहिलं आणि पेन मागून घेऊन पाच केले. हे दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि शाळेतल्या तिच्या विद्यार्थ्यांना सांगितलं तर ते विश्वास ठेवणार नाहीत.

मॅडमनी बेरीज केली, मग पुन्हा केली, आणि दार उघडून मुलीला आत घेतलं. "सुटलीस. तुकडीसोबत परीक्षेला बसायचं. पण माणसांकडे बघायला शीक थोडं."

"जी मॅडम," ती जमिनीला म्हणाली. हातातली पिशवी तेवढी तिनं घट्ट धरली.

मी घसा साफ केला. डॉक्टरी आणि रंगभूमी यांच्या नात्यावर माझ्याकडे एक सुंदर भाषण तयार झालं होतं, दहा मिनिटांचं. मी पहिलं वाक्य घेतलं. ती दारापर्यंत पोचली होती.

"कका, माझी बस आहे," ती म्हणाली. "सोमवारी ओपीडीत या. गोळ्यांची पाकिटं घेऊन. काकूंना आणा."

आणि ती पळाली. खिडकीतून पाहिलं तर फाटकाबाहेर बस हलली होती आणि ती तिच्या मागे हात उंचावून धावत होती. कंडक्टरनं दार धरून ठेवलं.

सोमवारी माझी दुसरी पाळी होती. सकाळी आम्ही दोघं गेलो, नंबर लावला, आणि तासभर बाकावर बसून राहिलो. आठ मिनिटं काही मिळाली नाहीत, चारच मिळाली. तेवढी पुरली.